दूरवरून घरच्यांचा कॉम्प्युटर नीट करताना: कशानंतर काय करायचं

"कॉम्प्युटर बिघडलाय, जरा बघतोस का?" असा फोन आला की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "एनीडेस्क टाक आणि नंबर सांग." घोळ इथूनच सुरू होतो. समोरचा माणूस एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) हे नाव सर्च करतो, वर आलेली पहिली जाहिरात उघडतो आणि भलतंच काहीतरी उतरवून घेतो. आता दोन दुखणी झाली.

जोडणी हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. लोक अडकतात ते जोडणीच्या आधी आणि जोडणी तुटल्यावर. त्यामुळे एक नियम शेवटपर्यंत डोक्यात ठेवा: ज्याने जोडणी तुटू शकते असं कोणतंही काम, परत कसं जोडायचं हे ठरल्याशिवाय करायचं नाही.

खालची पद्धत विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहे. मॅकचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: हे दुरून होण्यासारखं आहे का, ते फोनवरच ठरवा

कॉम्प्युटरला हात न लावता आधी तीन प्रश्न विचारा. चालू होऊन डेस्कटॉप दिसतो का? इंटरनेट चालतं का? आणि हे सुरू व्हायच्या आधी काय झालं होतं?

तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "मी काहीच केलं नाही" असं येतं. ते खोटं नसतं. आपण काही केलं हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं. म्हणून प्रश्न फिरवून विचारा: काही नवीन उतरवलं का? कुठल्या खिडकीत "ठीक आहे" दाबलं का? कुणाचा फोन आला होता का? वीज गेली होती का?

डेस्कटॉपच येत नसेल तर दुरून जोडायचा प्रश्नच नाही. हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर दुरुस्ती विसरा. मशीन बंद करायला सांगा. डिस्क जितकी फिरेल तितका आतला डेटा हातचा जाण्याची शक्यता वाढते. प्रिंटरचा कागद, सैल वायर, बंद पडलेला राउटर ही कामं व्हिडिओ कॉलवर होतात, त्यासाठी स्क्रीन ताब्यात घ्यायची गरज नाही.

इंटरनेट बंद असेल पण मोबाईलवर डेटा असेल तर मोबाईल यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून टेदरिंग (मोबाईलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) सुरू करायला सांगा. वायफाय अडून बसलं असलं तरी हा मार्ग बहुधा चालतो. मात्र त्या जोडणीला सेटिंग्जमध्ये "मीटर्ड" (मोजून वापरायचा डेटा) करून घ्या, नाहीतर विंडोज अपडेट मोबाईलचा सगळा डेटा खाऊन टाकेल.

सावधान: "कंपनीतून फोन आला होता, त्यांनी स्क्रीन बघितली" असं ऐकलंत तर जोडणीचा विचार तिथेच थांबवा. पहिलं काम इंटरनेट तोडणं: राउटर बंद किंवा केबल बाहेर. दुसरं, बँकेला फोन, तोही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. तिसरं, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलणं. अनोळखी माणसाच्या ताब्यात गेलेल्या मशीनवर विश्वास ठेवता येत नाही. फोटो-कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाकणं हाच त्यातला धड मार्ग, आणि ते काम दुरून करायचं नसतं.

## टप्पा २: दोन्हीकडची तयारी

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर तासभर त्याचीच किंमत मोजतात.

त्यांच्याकडे:

१. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा. बॅटरीवर स्क्रीन लवकर झोपते आणि जोडणी तुटते.

२. फोन स्पीकरवर, कॉम्प्युटरशेजारी. बोलणं फोनवरच चालू ठेवायचं. कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ कॉलवर बोलत राहिलात तर मशीन अडकलं की आवाजही जातो.

३. बँक, ईमेल, खाजगी चॅट, सगळं बंद करायला सांगा. तुम्ही घरचेच असलात तरी हे सांगायचं. त्यांना संकोच वाटत असला तरी ते बोलून दाखवत नाहीत.

४. ॲडमिनचा (कॉम्प्युटरवर सगळे बदल करू शकणाऱ्या खात्याचा) पासवर्ड कुणाला माहीत आहे? कॉम्प्युटर भावाने किंवा दुकानदाराने सेट करून दिला असेल तर तो घरात कुणालाच ठाऊक नसतो, आणि हे अर्ध्या कामात कळतं. आत्ताच विचारा.

५. चाळीस-पन्नास मिनिटं मोकळी आहेत ना? गॅसवर काही ठेवून आलेल्या माणसासोबत हे काम सुरू करू नका.

तुमच्याकडे: तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आधीच लॉगिन करून ठेवा. फोनवर माणूस ताटकळत असताना स्वतःचा पासवर्ड आठवत बसणं फार वाईट.

तपासा: त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं कोणतं व्हर्जन आहे? विंडोज की आणि आर एकत्र दाबून चौकोनात "विनव्हर" (winver) हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर करायला सांगा, एक छोटी खिडकी उघडून माहिती देईल. विंडोज १० निघालं तर लक्षात ठेवा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. आजचं दुखणं बरं झालं तरी हा विषय पुढे काढावाच लागेल.

## टप्पा ३: साधन निवडा, आणि कोड कुणी कुणाला द्यायचा ते समजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

क्विक असिस्ट. दोन्हीकडे विंडोज असेल तर माझी पहिली निवड हीच. ते बहुतेक मशीनवर आधीपासून असतं, म्हणजे समोरच्याला काही शोधून उतरवायला नको. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, मदत घेणाऱ्याला लागत नाही. कोड मदत करणाऱ्याकडे तयार होतो आणि तो समोरच्याने टाइप करायचा असतो. कोड १० मिनिटं चालतो.

क्रोम रिमोट डेस्कटॉप. एकीकडे मॅक आणि दुसरीकडे विंडोज असेल तर सोयीचं. इथे उलटं आहे: कोड त्यांच्या स्क्रीनवर येतो आणि तो त्यांनी तुम्हाला सांगायचा. १२ आकडी असतो, एकदाच चालतो. साधारण दर ३० मिनिटांनी त्यांना "शेअरिंग चालू ठेवायचं का?" असं विचारलं जातं. त्या वेळी ते चहा करायला गेलेले असतील तर तुम्ही बाहेर.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर. यातही नंबर त्यांच्याकडून तुमच्याकडे येतो. ताकदीची साधनं आहेत, पण उतरवून घ्यावी लागतात. घ्यायचीच असतील तर अधिकृत पानाची लिंक तुम्ही स्वतः मेसेजने पाठवा. "गूगलवर शोध" म्हणू नका.

विंडोजमध्येच असलेलं "रिमोट डेस्कटॉप" मात्र या कामाचं नाही. होम आवृत्तीच्या मशीनवर त्याने बाहेरून जाताच येत नाही. आणि कुणी सुचवलं म्हणून त्यासाठी राउटरवर ३३८९ नंबरचं पोर्ट (बाहेरून आत येण्याचं दार) उघडू नका. असं उघडं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड चालू असतात.

सावधान: फसवणूक करणारेही हीच साधनं वापरतात, असाच कोड मागतात. म्हणून घरच्यांना एक पक्की सवय लावा: फोन आपण करायचा किंवा आपल्या ओळखीच्या नंबरवरून आलेला असायचा, आणि आवाजावर विसंबून न राहता आधी ठरवलेला एक घरगुती शब्द विचारायचा. शब्द आला नाही तर कोड टाकायचा नाही, समोर मुलगा बोलतोय असं वाटलं तरी.

## टप्पा ४: जोडणी

क्विक असिस्ट धरून क्रम असा:

१. तुम्ही तुमच्याकडे क्विक असिस्ट उघडा, पण "हेल्प समवन" आत्ताच दाबू नका. कोडची १० मिनिटं तिथून सुरू होतात आणि समोरच्याला नुसतं ॲप उघडायला त्यातली सात लागू शकतात.

२. त्यांना कंट्रोल, विंडोज की आणि क्यू हे तीन एकत्र दाबायला सांगा. जमलं नाही तर विंडोज की दाबून सोडायची आणि इंग्रजीत "क्विक" टाइप करायचं.

३. खिडकी उघडली की त्यांना ती वाचायला सांगा. तिथे कोड टाकायचा चौकोन आहे आणि दुसऱ्याला मदत करण्याचं बटणही आहे. चुकून ते बटण दाबलं की लॉगिन मागितलं जातं, आणि मग माणूस तिथे आपला कुठलाही पासवर्ड टाकत बसतो. "लॉगिन मागितलं तर काही टाकू नका, मागे या" हे आधीच सांगून ठेवा.

४. आता तुम्ही कोड बनवा आणि दोन-दोन अक्षरं करून सांगा. त्यांच्याकडून परत वाचून घ्या.

५. त्यांना परवानगी विचारली जाईल. दिली की तुम्हाला स्क्रीन नुसती दिसेल. माउस चालवायला तुम्ही "रिक्वेस्ट कंट्रोल" दाबायचं आणि त्यांनी पुन्हा परवानगी द्यायची. "दिसतंय पण चालत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा या दुसऱ्या परवानगीचीच असते.

मॅकवर हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. सिस्टम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिली नाही तर स्क्रीन दिसत नाही, आणि ॲक्सेसिबिलिटीची दिली नाही तर माउस हलत नाही. दोन्ही दिल्यावर ते ॲप एकदा बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

फोनवर सूचना देण्याचं एक तंत्र आहे. जागा सांगू नका, दिसतंय ते वाचून घ्या. साधारण असं:

"आई, स्क्रीनच्या मध्ये काय लिहिलंय?"

"काहीतरी इंग्रजीत आलंय. ओके करू का?"

"करू नकोस. आधी पहिली ओळ वाच. स्पेलिंग वाचलंस तरी चालेल."

"ए, एल, एल, ओ, डब्ल्यू."

"बरोबर. त्याच्या शेजारी दुसरं बटण आहे का? नाही? मग आता ते दाब."

याला दोन मिनिटं जास्त लागतात. "वर उजवीकडे क्लिक कर" म्हटलं की मात्र हमखास खिडकीच बंद होते, कारण वर उजवीकडे फुलीचं बटण असतं.

तपासा: जोडल्यावर त्यांच्या डेस्कटॉपवर नोटपॅड उघडा, "दिसतंय का?" असं टाइप करा आणि उत्तर त्यांना त्यांच्या कीबोर्डवरून टाइप करू द्या. दोन्ही बाजू चालू आहेत हे तिथेच कळतं. पुढे टिपणं ठेवायलाही हीच फाइल कामाला येते.

## टप्पा ५: हात लावण्याआधी बघा

आता मोह आवरा. एक मिनिट त्यांनाच माउस चालवायला सांगा: "जे करताना अडतं ते मला करून दाखव." "इंटरनेट गेलं" म्हणून आलेली तक्रार प्रत्यक्षात ब्राउझरचा आयकॉन टास्कबारवरून निघून गेल्याची असू शकते.

मग माउस तुम्ही घ्या आणि त्यांना हात काढायला सांगा. दोघं एकाच वेळी माउस ओढू लागले की तो कुणाचंच ऐकत नाही.

दोन गोष्टी त्यांना आधीच सांगून ठेवा. काही कामं करताना विंडोज परवानगीची खिडकी दाखवतं, तेव्हा स्क्रीन अंधारते. क्विक असिस्टमध्ये ती खिडकी तुम्हाला दिसत नाही. तुमच्याकडे काळी किंवा थांबलेली स्क्रीन येते आणि वाटतं जोडणी गेली. त्यांनी खिडकीतलं नाव वाचून दाखवायचं आणि तुम्ही हो म्हटल्यावरच "यस" दाबायचं. दुसरं, पासवर्ड लागला तर तो त्यांनी टाइप करायचा. फोनवर मोठ्याने सांगायचा नाही आणि तुम्हीही विचारायचा नाही.

तुमच्यासाठी एक: दूरची स्क्रीन पूर्ण आकारात ठेवू नका. दोन सारखेच डेस्कटॉप असले की मधेच आपण स्वतःच्याच मशीनवरची फाइल डिलीट करतो. कीबोर्डचे काही शॉर्टकटही, विशेषतः ऑल्ट-टॅब, तिकडे न जाता इकडेच चालू शकतात.

बघायचा क्रम:

१. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग स्टोरेज. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर "स्लो झालाय", "अपडेट होत नाही", "ईमेल येत नाही" या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच निघू शकतं.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर. कोणता प्रोग्राम प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्क अडवून बसलाय? मागच्या बाजूला अपडेट चालू असेल तर डिस्क १०० टक्के दिसेल. तेव्हा काहीही न करता थांबणं हीच दुरुस्ती.

३. इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेनुसार लावा. तक्रार सुरू झाली त्या दिवसाच्या आसपास काय आलं? कुणी ठेवून गेलेलं रिमोटचं ॲप दिसतंय का?

४. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), होमपेज आणि सर्च इंजिन.

हे बघताना काहीही बदलू नका. दिसलं ते नोटपॅडमध्ये लिहा.

## टप्पा ६: दुरुस्ती, एका वेळी एकच

सुरुवातीला महत्त्वाची कागदपत्रं आणि फोटो कुठे आहेत ते विचारून त्यांची प्रत पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर जाते ना, ते पाहा. मग रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज ज्या स्थितीला परत नेता येतं ती नोंद, बनवा. ही सोय बऱ्याच मशीनवर मुळात बंदच असते, आधी सुरू करावी लागते.

"व्हायरस आलाय, सारखे इशारे येतात" या तक्रारीचं कारण अनेकदा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी वेबसाइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि ती दिली गेली, एवढंच झालेलं असतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल रंगाचे इशारे येत राहतात आणि ते दाबले की माणूस फसवणुकीच्या पानावर पोहोचतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा, अनोळखी नावं काढा आणि पुढे कुणी विचारूच नये असा पर्याय निवडा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर मनाच्या शांततेसाठी विंडोज सिक्युरिटीचा साधा स्कॅन चालवा.

जागा कमी असेल तर स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्सपासून सुरुवात करा, पण त्या यादीतल्या "डाउनलोड्स" वर टिक नाही ना, ते बघून. घरातल्या निम्म्या लोकांचं कपाट म्हणजे तोच फोल्डर असतो.

विंडोजच्या फाइल्स बिघडल्याचा संशय असेल तर ॲडमिन कमांड विंडोत विंडोजची दुरुस्तीची दोन साधनं चालवा: आधी डिझ्मचा (DISM) रिस्टोअर-हेल्थ आणि मग सिस्टम फाइल चेकर (SFC), या क्रमाने. दुसरा चेकर ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स उचलतो तो साठा पहिला दुरुस्त करतो, म्हणून उलट क्रमाने केलं तर फुकट वेळ जातो.

आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणारी, वेग वाढवणारी "क्लीनर" ॲप्स? टाकू नका. आधीपासून असतील तर काढा.

सावधान, ही कामं दुरून करू नका:

- नेटवर्क रीसेट. त्यात वायफायचा पासवर्ड पुसला जातो आणि तुम्ही ज्या फांदीवर बसलाय तीच तुटते.
- वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारा प्रोग्राम) काढून परत टाकणं.
- बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) अपडेट किंवा त्यातले बदल. मशीनवर एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) चालू असेल तर पुढच्या वेळी ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड त्यांना आठवायला हवा.
- सिस्टम कॉन्फिगरेशनमधून सेफ बूटवर टिक. ती टिक निघेपर्यंत मशीन दरवेळी सेफ मोडमध्येच (मोजक्याच गोष्टी सुरू करणाऱ्या विंडोजमध्ये) उघडेल, आणि तिथे तुमचं रिमोटचं साधन चालेल याची खात्री नाही.

प्रत्येक बदलानंतर मूळ तक्रार त्यांनाच तपासून बघायला सांगा. तीन बदल एकदम केले की कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून.

## टप्पा ७: रीस्टार्ट

रीस्टार्ट केलं की जोडणी जाणारच, आणि क्विक असिस्टला नवा कोड लागेल असंच धरून चाला. बटण दाबण्याआधी समोरच्याकडून वदवून घ्या: मशीन परत सुरू झालं की काय करायचं? उत्तर "लॉगिन करायचं, तेच तीन बटण दाबायचे, खिडकी वाचायची" असं आलं पाहिजे. नाही आलं तर कागदावर लिहून घ्यायला लावा. कॉम्प्युटरवर लिहून उपयोग नाही, तो बंद होणार आहे.

"बंद करून चालू केला" आणि "रीस्टार्ट केला" यात फरक आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत येतो, म्हणजे अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. "मी दहा वेळा बंद-चालू केला" म्हणणाऱ्याने एकदाही रीस्टार्ट केलेला नसू शकतो.

डिफेंडरचा (विंडोजच्या अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅनही मशीन रीस्टार्ट करूनच चालतो आणि साधारण १५ मिनिटं घेतो. त्या वेळात फोन ठेवा, पण "निळ्या पट्ट्या, टक्के काहीही दिसलं तरी बटण दाबून बंद करायचा नाही" हे बजावून.

## टप्पा ८: दार लावून घ्या

१. जोडणी त्यांच्या बाजूने तोडायला सांगा. ते बटण कुठे असतं हे त्यांना माहीत असलं पाहिजे, कारण कधी अनोळखी माणूस आत शिरला तर तेच दाबावं लागेल.

२. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर फक्त आजच्यासाठी टाकलं असेल तर काढून टाका. वरचेवर लागणारच असेल तर ठेवा, पण कायमच्या प्रवेशाला मोठा, वेगळा पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावून, आणि त्यांना तसं स्पष्ट सांगून. न सांगता कुणाच्या कॉम्प्युटरवर उघडं दार ठेवणं घरच्यांनाही आवडत नाही.

३. मीटर्ड केलेली जोडणी, झोपेची वेळ, जे काही कामापुरतं बदललं असेल ते पूर्ववत करा.

४. रोजच्या वापरासाठी त्यांना ॲडमिन नसलेलं खातं करून द्यायचं का, ते विचारा. सुरुवातीला कुरकुर होते, पण भलतंसलतं इन्स्टॉल होणं बरंचसं थांबतं.

५. नोटपॅडमधली टिपणं स्वतःला ईमेल करा: कोणतं विंडोज, काय दिसलं, काय बदललं, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे. पासवर्ड नाही, फक्त कुणाकडे आहे ते.

दोन दिवसांनी तुम्ही स्वतः फोन करून विचारा. पुन्हा तोच त्रास सुरू झाला असेल तर "परत तुला कशाला त्रास" म्हणून ते सांगत नाहीत, आणि तोवर शेजारच्या कुणीतरी मशीन उघडून बघितलेलं असतं.